अकरा नंबरची बाटली

खलाशांमध्ये एक जुना विनोद आहे. जहाजावर डॉक्टर नाही. कप्तानाच्या खोलीत औषधांची पेटी आहे, पेटीतल्या बाटल्यांवर औषधांच्या नावांऐवजी नंबर आहेत आणि सोबत एक पुस्तक आहे. पोटात मुरडा आला तर अमुक नंबर, ताप चढला तर तमुक. एके दिवशी एका खलाशाला अकरा नंबरची बाटली लागते. पेटी उघडून पाहतात तर अकरा नंबर संपलेली. कप्तान क्षणभर विचार करतो, मग पाच नंबर आणि सहा नंबर समसमान मिसळून त्याला पाजतो.

खलाशी वाचला की गेला, ते विनोद सांगणाऱ्याच्या मूडवर अवलंबून असतं.

हा विनोद मी पहिल्यांदा ऐकला तो प्रथमोपचाराच्या वर्गात. आम्ही नऊजण जमिनीवर मांडी घालून बसलो होतो, समोर रबरी बाहुली आडवी पडली होती, आणि मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले आमचे सर बँडेज गुंडाळत गोष्ट सांगत होते. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याच्या दोन महिने आधी मी स्वतः जवळपास तेच करून बसलो होतो.

आम्ही चौघे मित्र महिन्यातून एखाद्या रविवारी मुंबई बंदरात शिडाची छोटी बोट घेऊन निघतो. त्या दिवशी मांडव्याकडे चाललो होतो. दुपारचा वारा वायव्येकडून, म्हणजे आमच्या पाठीमागून येत होता आणि सुकाणू माझ्या हातात होतं. मागून वारा असताना सुकाणू थोडं जरी चुकलं तरी शीड अचानक बाजू बदलतं, आणि त्याच्याबरोबर शिडाच्या खालचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फटकन जातो. तो गेला. मधे माझ्या मित्राचं डोकं होतं.

तो खाली बसला, थोड्या वेळाने उठला, हसलासुद्धा. डोकं ठणकतंय म्हणाला, म्हणून कुणीतरी बॅगेतून गोळी काढून दिली, पाण्यात विरघळवून. झोप येतेय म्हणाला, म्हणून त्याला आडवं केलं, तोंडावर टोपी ठेवली. आम्ही चौघेही इंजिनियर. या सगळ्यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही.

थोड्या वेळाने मासेमारीची एक बोट जवळून चालली होती. आमचं शीड पडलेलं पाहून ती वळली. वरून तांडेलकाकांनी आडव्या पडलेल्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, काय झालं, कधी लागलं, उलटी झाली का? उलटी एकदा झाली होती. ती बोट लागल्याची आहे असं आम्ही ठरवून टाकलं होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्याला आपल्या बोटीत घेतलं आणि भाऊच्या धक्क्याला सोडलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, काही औषध दिलंय का? गोळी दिलीय, आम्ही म्हणालो. कोणती? कुणालाच सांगता येईना. रिकामं पाकीट बॅगेच्या तळाशी सापडलं. ॲस्पिरिन होतं. रक्त गोठू न देणारं औषध, आणि डोक्याला मार लागलेला माणूस. मेंदूत रक्तस्राव झालेला नव्हता म्हणून निभावलं. सीटी स्कॅनचा रिपोर्ट येईपर्यंतचे दीड तास मी त्या रिकाम्या पाकिटाकडे पाहत बसलो होतो.

वर्गात नाव घातलं ते त्यानंतर. आणि वर्गासोबत, सवयीने, वाचायला घेतलं. जिथे डॉक्टर पोहोचू शकत नाही तिथे डॉक्टरचं ज्ञान कसं पोहोचवायचं, हा प्रश्न समुद्राने माणसाला फार लवकर घातला होता, आणि त्याची उत्तरं चारशे वर्षं चुकत-माकत दिली जात आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं नुकती कुठे सुरतेला यायला लागली होती त्या काळात जॉन वुडॉल हा तिचा मुख्य शल्यवैद्य होता. जहाजांवर जाणाऱ्या वैद्यांच्या पेट्या भरून देणं हे त्याचं काम. पण पेटी भरून दिली तरी ती उघडणारा पोरगा विशीतला, अर्धवट शिकलेला, आणि मदतीला कुणी नाही. म्हणून १६१७ साली वुडॉलने एक पुस्तक काढलं, ‘द सर्जन्स मेट’. पेटीत काय काय आहे, कशासाठी आहे, कसं वापरायचं. पाय कापायची वेळ आली तर काय करायचं हेही त्यात आहे. करवत हातात घेण्यापूर्वी रोग्याला सांगा की यात मरणाचा धोका आहे, आणि त्याची स्वतःची इच्छा असेल तरच पुढे जा, असं वुडॉल बजावतो. सतराव्या शतकात, भूल देण्याची सोय नसताना, डुलणाऱ्या जहाजावर, आधी विचारा असं सांगणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

वुडॉलने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती, ती म्हणजे स्कर्व्हीवर लिंबाचा रस. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, माणूस हातपाय गाळून मरतो, असा हा रोग लांबच्या प्रवासात तोफांपेक्षा जास्त माणसं खात असे. आणि लिंबू काही वुडॉलचा शोध नव्हता. १६०१ साली कंपनीच्या पहिल्याच सफरीत जेम्स लँकेस्टरने आपल्या जहाजावरच्या लोकांना रोज सकाळी लिंबाचा रस चमच्याने दिला होता. त्याची माणसं धडधाकट राहिली. बरोबरच्या तीन जहाजांवरची इतकी खंगली की बंदरात शिरताना त्यांची कामं करायला लँकेस्टरला आपली माणसं पाठवावी लागली. चार जहाजं, एकच समुद्र, एकच फरक. माझ्या क्षेत्रात एवढा स्वच्छ पुरावा मिळाला तर लोक नाचतील.

तरीही दीडशे वर्षांनी, १७४७ साली, जेम्स लिंड नावाच्या नौदलातल्या वैद्याला तेच पुन्हा सिद्ध करावं लागलं. ‘सॅलिसबरी’ जहाजावरचे बारा रोगी घेऊन त्याने त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सायडर, एकीला पातळ केलेलं गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, आणि एकीला दोन संत्री नि एक लिंबू रोज. संत्रीवाले सहा दिवसांत सुधारले. वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. पुढचा भाग सहसा सांगत नाहीत.

लिंडपुढे प्रश्न होता की ताजी लिंबं महिनोन्‌महिने टिकवायची कशी. म्हणून त्याने सुचवलं की रस मंद आचेवर आटवून घट्ट करा आणि बाटल्यांत भरा. पेटीत मावेल, वर्षभर टिकेल. तसं केलं की रसातलं नेमकं कामाचं जे, ते उष्णतेने बरंचसं नष्ट होतं. त्याला आज आपण क जीवनसत्त्व म्हणतो. तेव्हा ते कुणाला ठाऊकच नव्हतं. औषध सापडलं होतं आणि पेटीत भरताना हरवलं. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. पुढे १८६०च्या दशकात भूमध्य समुद्राकडच्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधलं लाइम आलं. दिसायला तसंच, आंबट तसंच, पण क जीवनसत्त्व पुष्कळ कमी. वाफेच्या जहाजांमुळे प्रवासच छोटे झाले होते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. लांबच्या ध्रुवीय मोहिमांमध्ये स्कर्व्ही परतली तेव्हा तज्ज्ञ म्हणू लागले की लिंबाचा काही संबंधच नव्हता, हा रोग सडक्या मांसाने होतो.

हे वाचताना मला राग आला, मग जरा ओशाळलो. आपलं औषध बरोबर आहे एवढं पुरत नाही, ते का बरोबर आहे हे ठाऊक नसेल तर नुसता डबा बदलताना ते सांडतं. आम्ही तरी गोळी दिली तेव्हा काय पाहिलं होतं? डोकं दुखतंय, डोकेदुखीची गोळी.

नौदलाकडे निदान वैद्य होते. साध्या मालवाहू जहाजांवर तेही नसत. ब्रिटनमध्ये १८४४च्या कायद्याने औषधांची पेटी सक्तीची झाली, १८६७ मध्ये नियम आणखी कडक झाले, आणि त्यापाठोपाठ १८६८ मध्ये ‘द शिप कॅप्टन्स मेडिकल गाइड’ हे पुस्तक निघालं. ते लिहिलं हॅरी लीचने. ग्रिनिचला थेम्स नदीत ‘ड्रेडनॉट’ नावाचं एक जुनं जहाज खलाशांचं हॉस्पिटल म्हणून वापरत, तिथे तो डॉक्टर होता. म्हणजे कप्तानांनी केलेल्या उपचारांचे परिणाम बंदरात उतरल्यावर ज्याच्या पुढ्यात येत, त्यानेच हे पुस्तक लिहिलं. ते आजही नव्या आवृत्त्यांत निघतं. नंबरांच्या बाटल्यांचा विनोद या परंपरेतला.

विनोदात दिसत नाही अशी एक बाजू मला इथे जाणवली. या जहाजांवरचे हजारो खलाशी लष्कर होते, म्हणजे आपल्याकडचे, आशियाई. डेकवर कोकणातले नि गुजरातेतले, जेवणघरात गोव्याचे. पोटात दुखतंय हे रत्नागिरीचा माणूस कोणत्या शब्दांत सांगणार, आणि स्कॉटिश कप्तान त्यातलं काय समजून कोणता नंबर उचलणार? पुस्तक कप्तानाशी बोलत होतं. रोग्याशी कुणीच बोलत नव्हतं.

भाषेची अडचण नंतर एका वेगळ्याच रीतीने सोडवली गेली, आणि ती सांगताना माझ्यातला इंजिनियर खूश होतो. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत वैद्यकासाठी एक स्वतंत्र विभाग आहे. त्यातले सगळे संकेत ‘एम’ अक्षराने सुरू होतात. ‘एम ए ए’ म्हणजे तातडीने वैद्यकीय सल्ला हवा आहे. त्यापुढे तक्ते आहेत. माणसाच्या शरीराचं चित्र, पुढून, मागून, आणि प्रत्येक भागाला आकडा. रोगांना आकडे, औषधांना आकडे. कोरियन कप्तान ग्रीक डॉक्टरला चार-पाच अक्षरं आणि काही आकडे पाठवून सांगू शकतो की दुखणं कुठे आहे. पुन्हा नंबरच, पण यावेळी ते दोन्ही दिशांना जातात. डॉक्टर उलट विचारू शकतो.

ही उलट विचारण्याची सोय रेडिओने आणली. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या खलाशांच्या एका संस्थेने बिनतारी यंत्रावरून जहाजांना वैद्यकीय सल्ला द्यायला सुरुवात केली. १९३५ मध्ये रोममध्ये गुइदो गुइदा या डॉक्टरने तेच काम करणारं केंद्र उभं केलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते रेडिओवाले मार्कोनी स्वतः. कोणत्याही देशाचं जहाज असो, सल्ला फुकट. ते केंद्र आजही चालू आहे.

मात्र हे सगळं मोठ्या जहाजांचं. छोट्या शिडाच्या बोटीची गोष्ट निराळी, कारण तिथे बऱ्याचदा रोगी आणि कप्तान एकच असतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. त्याची ‘सुहेली’ आपल्या मुंबईत, भारतीय कारागिरांनी सागवानात बांधलेली होती. दक्षिणेच्या समुद्रात बॅटरीतलं आम्ल त्याच्या डोळ्यात उडालं. धुतलं, थेंब घातले आणि मागे वळायचं की नाही याचा विचार करत बसला. डोळा गेला तरी चालेल, पुढे जायचं, असं त्याने ठरवलं. डोळा वाचला. परतीच्या वाटेवर अटलांटिकमध्ये पोटात दुखायला लागलं, वैद्यकीय पुस्तक उघडलं तर सगळी लक्षणं अपेंडिक्सची. रोगाचं वर्णन वाचलं की तो आपल्यालाच झालाय असं वाटतं, हा अनुभव इंटरनेटच्याही आधीचा आहे तर. त्याच्या रेडिओवरून तेव्हा निरोप जात नव्हता, त्यामुळे विचारणार कुणाला? शेवटी ते अपचन निघालं.

१९९२-९३च्या ‘वाँदे ग्लोब’ शर्यतीत बर्त्राँ द ब्रोक या फ्रेंच नाविकाची जीभ अपघातात दातांखाली येऊन जवळजवळ तुटली. शर्यतीचे डॉक्टर जाँ-इव्ह शोव्ह फ्रान्समधून टेलेक्सवर सूचना पाठवत होते आणि त्याने आरशात पाहून स्वतःच स्वतःच्या जिभेला टाके घातले. हा किस्सा वर्गात सरांनी सांगितला तेव्हा शेजारच्या मुलीने तोंडावर हात धरला.

मला मात्र त्याहून जास्त हलवून गेली ती व्हिक्टर याझिकोव्हची गोष्ट. १९९८ची ‘अराउंड अलोन’ शर्यत, नोव्हेंबर, दक्षिण अटलांटिक. याझिकोव्ह रशियन, अंगाने मनाने दणकट. कोपराला लागलेलं दुखणं चिघळून आत पू झाला होता. त्याने बॉस्टनच्या डॉ. डॅनियल कार्लिन यांना ईमेल केला. कार्लिननी क्रमवार सूचना पाठवल्या, हे उकळून घ्या, इथे छेद द्या, एवढा खोल, मग असं बांधा. याझिकोव्हने हलत्या बोटीत, एकट्याने, एका हाताने दुसऱ्या हाताचं ऑपरेशन केलं. पू निघाला. पण रक्त थांबेना.

तो ॲस्पिरिन घेत होता.

हे कार्लिनना ठाऊक नव्हतं. याझिकोव्हने रक्त थांबवायला ताणायची रबरी दोरी दंडाभोवती करकचून आवळली. रक्त थांबलं, पण हाताचा रक्तपुरवठाही थांबला. हात गार पडून पांढरा पडू लागला. बोटीवरच्या बॅटऱ्या जवळपास संपल्या होत्या, ईमेल ये-जा करायला वेळ लागत होता. दोरी सोडा, जखमेवर थेट दाब द्या, हा निरोप पोहोचेपर्यंत हात जाण्याची वेळ आली होती. हात वाचला, आणि तो केपटाउनला पोहोचला.

मी ही गोष्ट रात्री उशिरा वाचली आणि लॅपटॉप बंद केला. कार्लिनच्या सूचनांमध्ये चूक नव्हती. पण दवाखान्यात समोरासमोर डॉक्टर सहज विचारतो, काही गोळ्या चालू आहेत का, तो एक प्रश्न त्या दोन ईमेलांच्या मधल्या हजारो मैलांत राहून गेला. आमच्या बोटीवर तर विचारायला हजारो मैलांचंही निमित्त नव्हतं. चौघे हातभर अंतरावर बसलो होतो.

वर्गाच्या दुसऱ्या दिवशी बाहुलीवर सराव होता. तिचा चेहरा शांत, डोळे मिटलेले. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा खेळणी बनवणारा आस्मुन्ड लेर्डाल याने १९६० मध्ये ही बाहुली तयार केली, आणि चेहरा घेतला पॅरिसच्या सेन नदीत सापडल्याचं सांगतात त्या अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून. तोंडाने श्वास देण्याची रीत तेव्हा डॉक्टरांनी नुकतीच मान्य केली होती, आणि लोकांना ती शिकवायला काहीतरी हवं होतं. वास्तविक १७६७ मध्ये ॲम्स्टरडॅमला बुडालेल्यांना वाचवण्यासाठी जी संस्था निघाली तिच्या सूचनांमध्येही तोंडाने श्वास देणं होतं. त्याच यादीत गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणंही होतं. लंडनला तर थेम्सच्या काठाने या धुराची उपकरणं ठेवलेली असत. म्हणजे बरोबर उत्तर आणि अफाट चुकीचं उत्तर एकाच कागदावर शेजारी शेजारी, आणि बरोबर उत्तर पुढे जवळपास दोनशे वर्षं बाजूला पडलं. आज शिकवतात की बुडालेल्याला आधी पाच श्वास द्यायचे, मग तीस वेळा छाती दाबायची नि दोन श्वास, तीस नि दोन. सरांनी आमच्याकडून हे एका अरुंद बाकावर करवून घेतलं, कारण बोटीत सपाट जमीन मिळत नाही. माझ्या मनगटांना दुसऱ्या मिनिटालाच कळ लागली.

थंड पाण्यातून माणूस वर काढताना त्याला उभा ओढू नये, शक्यतो आडवाच उचलावा, नाहीतर रक्तदाब एकदम कोसळून तो वर आल्याआल्या जाऊ शकतो, हे सांगताना सर थांबले आणि काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. कुणी काही विचारलं नाही.

शेवटच्या तासाला त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. डोक्याला मार लागलेला माणूस, तुम्ही फोनवर आहात, पलीकडे डॉक्टर आहे, तुम्ही काय काय सांगाल ते लिहा. मी लिहायला सुरुवात केली. किती वाजता लागलं. शुद्ध गेली होती का, किती वेळ. उलटी किती वेळा. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का. झोपेतून उठवल्यावर नाव सांगतो का. काही औषध घेतलं आहे का. कोणतं, किती, कधी. हे सगळे प्रश्न मला येत होते, म्हणजे ते तितके अवघड नव्हते. पैकी उलटीचा प्रश्न तांडेलकाकांनी बोटीच्या काठावरून, इंजिनाच्या आवाजात, सहज विचारला होता.

आता बोटीवर आमची पेटी आहे. प्रत्येक गोळीच्या पाकिटावर मार्करने तिच्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, आणि ॲस्पिरिनवर लाल पट्टी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला तो प्रश्नांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला आहे. बंदराच्या कंट्रोल रूमचा रेडिओ चॅनेलही लिहिलाय.

डोकं फुटलेला मित्र पहिल्यांदा परत बोटीवर आला तेव्हा त्याने पेटी उघडून सगळं नीट वाचलं. मग २०१८च्या अभिलाष टॉमीचा विषय निघाला. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि टॉमी स्वतःच्या बोटीत उठूही न शकता तीन दिवस पडून होता. शेवटी फ्रान्सचं ‘ओसिरिस’ हे मत्स्य गस्ती जहाज पोहोचलं. मजकूर पाठवण्याचं यंत्र हाताशी होतं म्हणून मला उठता येत नाही एवढं तरी तो जगाला कळवू शकला.

“म्हणजे पेटी असून उपयोग नाही,” मित्र म्हणाला. “वर्ग तूच केलास, सुकाणूवर तूच बसतोस. उद्या बूम तुझ्याच डोक्यात बसला तर हा कागद वाचणार कोण?”

मी सरांना फोन लावला. जानेवारीच्या तुकडीत तीन जागा शिल्लक होत्या. त्याने तिन्ही घेतल्या, उरलेल्या दोघांना न विचारता.